हेलसिंकी वाटेत लागतं

स्टॉकहोम,
जूनचा पहिला आठवडा

ती. नाना व ती. सौ. आई यांस सा. न. वि. वि.

तुमच्या नातवाने तुम्हाला "हेलसिंकी भारी होतं" एवढं एकच वाक्य ऐकवलं आणि फोन बापाच्या हातात दिला. त्याच्या तोंडून वृत्तान्त काढायचा म्हणजे हर्णैच्या खडकावरची कालवं फोडायची. तरी मित्रांच्या बोलण्यातून, फोटोंतून आणि धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशातल्या पावत्यांवरून जे हाती लागलं ते कळवते.

परीक्षा संपल्या आणि वर्गातली चार मुलं क्रूझला निघाली. क्रूझ म्हटल्यावर आईंच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातली बोट येईल, तशी ही नव्हे. संध्याकाळी स्टॉकहोमहून निघायचं, सकाळी हेलसिंकीला उतरायचं, दिवसभर पाय तुटेस्तोवर हिंडायचं, संध्याकाळी त्याच बोटीत चढायचं आणि पुढच्या सकाळी घरी. राजधानीच्या वाट्याला सहा-सात तास, बाकी सगळं बोटीचं. चौघांत एक खोली घेतली, की माणशी तिकीट इतकं किरकोळ पडतं की मुलांना आधी शंकाच आली.

शंका रास्त होती. वाटेत आलांड नावाची बेटं लागतात. राज्य फिनलंडचं, भाषा स्वीडिश, कारभार बराचसा स्वतःचा. बेटं कोणाची, हा स्वीडन-फिनलंडमधला तंटा राष्ट्रसंघाने १९२१ साली असा मिटवला. १९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेला तेव्हा आलांडने करांच्या बाबतीत आपल्यापुरती सवलत पदरात पाडून घेतली. पुढे १९९९ मध्ये संघातल्या देशांमधली करमुक्त विक्री बंद झाली. पण मध्ये आलांडला टेकून जाणाऱ्या बोटींवरची दुकानं चालूच राहिली. म्हणून हे बारा-तेरा मजली धूड मध्यरात्रीच्या सुमारास आलांडच्या धक्क्याला लागतं, काही मिनिटं थांबतं आणि पुढे सरकतं. चढणारे-उतरणारे मोजकेच. धंदा दारू, अत्तर आणि चॉकलेटवर चालतो. खरं सांगायचं तर ही बोट आलांडसाठी निघते. हेलसिंकी वाटेत लागतं.

त्यात स्वीडनमध्ये कडक दारू जवळजवळ फक्त सरकारी दुकानात मिळते आणि ते दुकान रविवारी बंद. त्यामुळे उतरताना एरवी देवळात शोभतील असे आजी-आजोबा बियरची खोकी चाकांच्या गाडीला दोरीने आवळून ओढत नेताना दिसतात. माणशी सोळा लिटर बियर न्यायला मुभा आहे, आणि कायदा पाळण्याच्या बाबतीत हे लोक फार काटेकोर! चिरंजीवांच्या पिशवीत चॉकलेटं निघाली. पिशवी रिकामी करायला मी स्वतः उभी होते.

खोली सगळ्यात स्वस्त, म्हणजे गाड्यांच्या मजल्याच्याही खाली. खिडकी नाही, भिंतीला चार फळ्या, डोक्यावर ट्रक आणि बाहेर पाणी. नाना, तुमचा पुढचा प्रश्न ठाऊक आहे. 'रामदास' बुडाली ती १७ जुलै १९४७ची सकाळ, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली सहाशेहून जास्त माणसं गेली, हे तुमच्याकडून ऐकतच हा मुलगा मोठा झाला. इथल्या लोकांची 'रामदास' म्हणजे 'एस्टोनिया'. २८ सप्टेंबर १९९४च्या रात्री टालिनहून स्टॉकहोमला येताना तिच्या नाळेवरचं झाकण लाटांनी उखडलं, पाणी गाड्यांच्या मजल्यावर शिरलं आणि ८५२ माणसं गेली. त्यानंतर अशा बोटींचे नियम बरेच कडक झाले. चिरंजीवांनी मात्र लाइफ जॅकेट कुठे ठेवलंय ते आधी पाहिलं आणि मग बूट काढले. मित्र हसले. तुम्ही हसला नसतात.

पहिले काही तास बोट बेटांच्या गर्दीतून जाते. स्टॉकहोमच्या पुढ्यात लहानमोठी तीसेक हजार बेटं आहेत म्हणतात. काही एवढीशी की वर एक लाल घर, एक झेंडा आणि जागा संपली. मेअखेरीस साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण मुलांनी हा देखावा काचेतून पाहिला, कारण ती बुफेला बसली होती. सकाळपासून उपाशी राहून, लग्नाच्या पंगतीला जावं तशा तयारीने. हेरिंग माशाचे इतके प्रकार हर्णैच्या लिलावातही निघणार नाहीत. बेटं संपून उघडा समुद्र सुरू झाल्यावर त्या हेरिंगने एका पंजाबी मित्राचा सूड घेतला. आपल्याला बोट लागली नाही, हे चिरंजीवांनी आवर्जून सांगितलं. कोकणचं नाव राहिलं.

हेलसिंकीत तो पहिल्यांदा मोठ्या चौकात गेला. स्वीडनच्या राजाने १५५० साली टालिनच्या व्यापाराला शह म्हणून वसवलेलं हे गाव. रशियाच्या झारने १८१२ मध्ये त्याला राजधानी केलं. चौकाच्या डोक्यावर पांढरंशुभ्र कॅथेड्रल, एंगेल नावाच्या वास्तुकाराने आखलेलं, १८५२ मध्ये पुरं झालेलं. आणि मधोमध झार दुसरा अलेक्झांडर अजून उभा! १९१७ मध्ये रशियापासून सुटल्यावरही फिनिश लोकांनी त्याला हलवलं नाही, कारण बंद पडलेली त्यांची विधानसभा त्याने पुन्हा भरवली होती.

बंदरावरच्या बाजारात त्याने सामन माशाचं सूप घेतलं. दुधा-सायीचं, बटाट्याचं, आणि वर हिरवागार शेपू! आई, तुमच्या हातच्या शेपूच्या भाजीला पाहून जो ताटावरून उठायचा, त्याने युरो मोजून शेपू खाल्ला आणि वाटी पुसली. सोबतचा पाव सीगलने झडप घालून नेला.

तिथूनच शहराच्या साध्या तिकिटावर पंधरा मिनिटांत सुओमेनलिन्ना किल्ल्याला फेरी जाते. तुमच्या अंगणातून सुवर्णदुर्ग दिसतो, तसा हा बेटांवरचा किल्ला. स्वीडनने तो १७४८ पासून बांधायला घेतला. तुळाजी आंग्र्यांच्या हातून सुवर्णदुर्ग गेला तो १७५५ मध्ये, म्हणजे साधारण त्याच सुमारास. इतका खर्च करून बांधलेला सुओमेनलिन्ना १८०८ मध्ये किल्लेदाराने फारशी लढाई न करता रशियनांच्या ताब्यात दिला. "आपला जंजिरा बघा," असं चिरंजीवांनी मित्रांना सुनावलं म्हणे. जंजिरा आपल्याकडे कधी नव्हताच, हे सांगायला तुम्ही तिथे नव्हता. आज सुओमेनलिन्नात आठेकशे माणसं राहतात आणि तटावर लोक डबे उघडून बसतात.

उरलेला वेळ 'ओडी' वाचनालयात. संसदेच्या अगदी समोर, २०१८ साली उघडलेलं. पुस्तकं वरच्या मजल्यावर; खाली थ्रीडी प्रिंटर, गाण्याच्या खोल्या आणि शिलाई मशीन. कोणीही यावं, शिवावं. सॅकचा तुटलेला पट्टा त्याने स्वतः मशीनवर घातला. टाके वाकडे आहेत, पण घट्ट आहेत. घरी बटण लावायला हाक मारतो, तोच हा मुलगा. ती सॅक मी दोनदा उलटीपालटी करून पाहिली.

आणि तिथेच घोळ झाला. त्याच्या मनगटावर, नाना, तुमचं किल्लीचं घड्याळ. फिनलंड स्वीडनपेक्षा एक तास पुढे. मित्रांच्या मोबाइलने मुकाट्याने वेळ बदलली. घड्याळ बाणेदारपणे स्टॉकहोमच्या वेळेवर राहिलं. "अजून तासभर आहे, आजोबांचं घड्याळ चुकत नाही," असं म्हणत हा पठ्ठ्या शिलाई मशीनसमोर बसून. शेवटी पंजाबी मित्राने दंडाला धरून ट्रामपर्यंत पळवला. धक्क्यावर पोचून ते आत शिरले आणि मागे फाटक बंद झालं.

येत्या रविवारी फोन करू. आंबे संपले असतील तर तसं सांगू नका.

तुमची,
सूनबाई

ता. क. पार्सलात काळ्या गोळ्यांचं पाकीट आहे. नातवाने हौसेने आणलंय. त्यात ज्येष्ठमध आणि नवसागर असतो आणि फिनिश लोक ते आवडीने चघळतात. नाना, कवळी काढून ठेवा. आई, तुम्ही आधी नानांना घेऊ द्या.