प्रतीकवाले सर

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही हायस्कुलात जा, मराठीचे हे सर सापडतातच. खिशाला दोन पेनं, काखेत पानं सुटलेली ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची; सरांची टिपणवहीही त्याच सुमाराची असावी. माणदेशातल्या मेंढपाळांच्या वस्तीवर तरुण मास्तर येतो, शाळा भरवतो, तालीम उभी करतो. मग दुष्काळ पडतो आणि गाव उठून जातं. इतकी सरळ गोष्ट. पण सरळ गोष्ट सरांना पचत नाही.

‘मेंढरं माना खाली का घालतात? पिचलेल्या समाजाचं प्रतीक!’

मागच्या बाकावरून धनगराचं पोरगं उठतं. ‘सर, उन्हाची घालतात. एकमेकींच्या पोटाखाली सावली असती ना.’

सर क्षणभर थबकतात. मग फळ्यावर लिहितात: सावली, प्रतीक क्रमांक दोन. असा माणूस हरणार कसा?

हळदीच्या हंगामात निम्मा वर्ग शिजवणीवर असतो. उरलेल्यांना सर विचारतात, ‘हळदीचा पिवळा रंग काय सांगतो?’ वसमतकडचं पोरगं म्हणतं, ‘शेलम वाण आहे म्हणून, सर.’

सहल औंढ्याला गेली, तर तिथंही सुटका नाही. ‘नागनाथाचा नंदी देवळाच्या मागं का?’ नरसीची मुलगी सांगते, ‘नामदेवांना मागं जाऊन कीर्तन करायला लावलं, म्हणून देऊळच फिरलं.’

‘म्हणजे प्रतीकात्मक अर्थानं...’

‘नाही सर, फिरलंच.’

नामदेवांच्या गावच्या पोरीशी वाद कोण घालणार! मीही तिच्याच बाजूचा.

एक मात्र कबूल करायला हवं: सर ‘बनगरवाडी’ वाचतात फार छान. बैलाला जोडी नाही म्हणून शेकूची बायको स्वतःच औताला लागते, तिथं आले की टिपणवही मिटते. चष्मा वर जातो, आवाज घोगरा होतो, आणि एरवी तासभर चुळबुळणारी पोरं जागची हलत नाहीत. यातल्या बऱ्याच जणांनी घरचा बैल बाजारात जाताना पाहिलेला आहे.

परवा नेमकं तिथंच पहिल्या बाकावरच्या हुशार पोरानं पेन सरसावून विचारलं, ‘सर, ही बाई कशाचं प्रतीक?’

‘गप बस,’ सर म्हणाले.

पोरानं वहीत चार ओळींची जागा सोडून ठेवलीय. प्रश्न दोन गुणांचा आहे.