भाऊसाहेबांची तरतूद

नवे घर बांधावयास काढलेल्या गृहस्थाचा आपल्याच घराच्या नकाशावर फारसा अधिकार उरत नाही, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी चार भिंती उभ्या केल्या आहेत त्याला निराळे सांगावयास नको. स्वयंपाकघर पत्नीच्या अखत्यारीत जाते, देवघराची दिशा वास्तुशास्त्र जाणणारे मेहुणे मुक्रर करतात, दिवाणखान्याच्या छतात किती दिवे असावेत याचा हुकूम परगावी नोकरीस असलेला मुलगा फोनवरून सोडतो, आणि न्हाणीघरातील फरशीचा रंग सूनबाई पसंत करतात. सरतेशेवटी मालकाच्या वाट्यास चेकवर सह्या करणे आणि सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारणे एवढीच कर्तव्ये राहतात. परंतु या सर्व सत्ताधीशांच्या नजरेतून निसटलेली एक जागा प्रत्येक नकाशात असते, आणि ती म्हणजे आवाराच्या कोपऱ्यातील गॅरेज. त्या दहा फूट बाय अठरा फुटांच्या मुलखात वीज कोठून, कशी आणि किती न्यावयाची, हा विषय निघाला की ज्यांच्या वाणीस अकस्मात धार चढते असे एक गृहस्थ आपल्याकडील प्रत्येक नव्या वसाहतीत आढळतात. सोयीसाठी आपण त्यांना भाऊसाहेब म्हणू.

भाऊसाहेब पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले असतात. हयात कालव्यांवर गेल्यामुळे विद्युत्प्रवाहाकडेही ते पाण्याच्याच दृष्टीने पाहतात, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांचे फारसे चुकतही नाही. वायरमन येऊन, कानावरची पेन्सिल काढून भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर एक रेघ मारतो आणि म्हणतो, "साहेब, घराच्या डीबीतनं अडीचची वायर ओढतो, एक दिवा, एक पंधराचा सॉकेट. संपला विषय." भाऊसाहेबांच्या दृष्टीने विषय येथे सुरू होतो. "अरे बाळा, गॅरेज म्हणजे टेल आहे टेल! वरच्यांनी उपसा केला की टेलच्या शेतकऱ्याला चिखलसुद्धा मिळत नाही." मग ते खिशातून डायरी काढतात, मीटरपासून गॅरेजपर्यंतचे अंतर स्वतः टेप धरून वीस मीटर भरल्याचे सांगतात, आणि अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून सोळा ॲम्पिअर नेले असता जाऊन-येऊन पावणेपाच व्होल्टची घट होते, तीच चारच्या तारेत तीनवर येते, असे गणित मांडून दाखवितात. वायरमन मान डोलावितो. दोनशे तीसमधील दोन व्होल्ट वाचवून साहेब त्यांचे काय करणार आहेत, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असतो. परंतु मजुरी दिवसावर ठरलेली असल्याने तो ओठांवर येत नाही.

भाऊसाहेबांचे खरे कर्तृत्व दिसते ते भाराच्या तक्त्यात. फूलस्केप कागदावर डाव्या बाजूस समास सोडून, लाल शाईने रकाने आखून त्यांनी गॅरेजमध्ये चालावयाच्या यंत्रांची बयाजवार यादी केलेली असते. ड्रिल मशीन, गाडी धुण्याचा पंप, चाकात हवा भरण्याचा कॉम्प्रेसर, एक वेल्डिंगचा संच, आणि 'संकीर्ण' या सदराखाली पुन्हा तेवढाच भार. यांपैकी प्रत्यक्षात त्यांच्या मालकीची वस्तू म्हणजे टेस्टर. तोही वायरमनचा, गैरसमजाने त्यांच्या खिशात राहिलेला. तक्त्याच्या तळाशी मात्र ठळक अक्षरांत मोटारगाडी असते, कारण मुलाने एकदा फोनवर बोलता बोलता "बाबा, पुढची गाडी इलेक्ट्रिकच" असे उद्गार काढले होते, आणि सरकारी खात्यात तोंडी आश्वासनावर अंदाजपत्रके तयार करण्याचा भाऊसाहेबांना प्रदीर्घ अनुभव असतो. साध्या पंधराच्या सॉकेटवर सव्वातीन-साडेतीन किलोवॉटने तीस युनिटांची बॅटरी भरावयास रात्र लागते. भिंतीवर बत्तीस ॲम्पिअरचा, सुमारे सव्वासात किलोवॉटचा चार्जर बसविला तर चार-साडेचार तास पुरतात. आणि थ्री फेज घेऊन अकरा किलोवॉटचा बसविला, तर तीन तासांच्या आत काम होते. "पण तेवढा भार गाडीनेही घ्यायला हवा ना?" असे कोणी जाणकाराने विचारले, तर भाऊसाहेब क्षणभर विचार करून म्हणतात, "गाडी घेताना तशी बघून घेऊ." गॅरेजच्या विजेस अनुरूप अशी गाडी शोधावी, हा सिद्धांत त्यांना मुळीच उलटा वाटत नाही. दारात तूर्त उभी असते ती त्यांची स्कूटर, आणि तीही लाथेने सुरू होणारी.

मग खोदाई. चार कोअरची आर्मर्ड केबल अडीच फूट खोल चरात, खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटांचा थर, म्हणजे उद्या कोणी पहार घातली तर आधी वीट लागावी, या नियमात भाऊसाहेब तसूभरही सूट देत नाहीत. चरात उतरून ते स्वतः खोली मोजतात, आणि वर येण्यासाठी गड्याचा हात मागतात. केबलशेजारी, वीतभर अंतर सोडून, ते आणखी एक पाइप घालतात. त्यात काही नसते. केवळ एक लोखंडी तार आरपार ओवून, दोन्ही तोंडे चिंध्यांनी गच्च बुजविलेली असतात. "ह्यात काय जाणार?" असे पत्नीने विचारले असता ते म्हणतात, "तरतूद!" खर्चाच्या वहीत हा पाइप दगड-मातीच्या हिशेबात दडविला जातो.

अर्थिंगचा खड्डाही त्यांच्या देखरेखीखालीच भरला जातो: मीठ आणि कोळसा यांचे थर, मधोमध नळी, वर चौकोनी झाकण. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग दुबळे होते हे ठाऊक असल्यामुळे सकाळी तुळशीला पाणी घालून झाल्यावर तांब्यात उरलेले पाणी ते त्या खड्ड्यात नियमाने ओततात. तीस मिलिॲम्पिअर एवढीशी गळती झाली तरी पुरवठा तत्क्षणी तोडणारी पेटी बसविल्याचे ते आल्यागेल्यास सांगत असताना, "अहो, गच्चीच्या गळतीवर असलं काही मिळतं का ते बघा आधी," असा आवाज स्वयंपाकघरातून येतो. तो त्यांना ऐकू येत नाही.

भारवाढीचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी-दाखला, मालमत्तेचा उतारा आणि भरणा केल्याच्या पावत्या यांची फाईल वीज कार्यालयाच्या खिडकीशी सादर करताना भाऊसाहेबांच्या मुद्रेवर जे समाधान विलसते, ते वास्तुशांतीच्या दिवशीही दिसत नाही. कारकून हरकत काढतो; हरकतीला ते क्रमांक घालून उत्तर देतात; उत्तराची पोच घेतात. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसून जे इतरांना करावयास लावले, ते अलीकडे उभे राहून निर्दोषपणे पार पाडण्यात त्यांना विलक्षण गोडी वाटते.

आणि अखेर थ्री फेज येते. मोटारगाडी येत नाही, कारण मुलाने मधल्या काळात कंपनीच्या बसची सोय असलेली नोकरी धरलेली असते. गॅरेजात उरलेल्या फरश्या, रंगाचे रिकामे डबे आणि जुन्या घरातील पलंग दाखल होतात. त्यांतून वाट काढीत एके दिवशी घरघंटी येते. स्वयंपाकघरात पीठ उडते म्हणून वहिनींनी तिची रवानगी तेथे केलेली असते. अकरा किलोवॉटच्या तयारीवर एक अश्वशक्तीची घरघंटी ज्वारी दळू लागते. भाऊसाहेब तिच्याजवळ उभे राहून, दिवा मंदावतो का, हे टक लावून पाहतात, आणि तो मंदावत नाही असे पाहून म्हणतात, "बघितलंत? चारची वायर घातली असती तरी चाललं नसतं!" हे विधान खोटे आहे, परंतु ताजे पीठ हाती पडलेल्या वहिनी ते बिनतक्रार मान्य करतात.

मौज अशी की, साऱ्या योजनेत खरोखर कामी येतो तो रिकामा पाइप. फाटकावर कॅमेरा बसवावयाचे ठरते, त्याची तार विजेच्या केबलसोबत नेता येत नाही, अंगणात तोवर शहाबादी फरशी बसलेली असते, आणि ती उखडण्याच्या कल्पनेने घरातील सर्व सत्ताधीश हवालदिल झालेले असतात. भाऊसाहेब शांतपणे चिंधी उपसतात, लोखंडी तारेच्या टोकास नवी तार बांधतात आणि पलीकडून ओढावयास सांगतात. पाच मिनिटांत काम होते. जे हिशेब करून घातले ते निजून राहिले, आणि ज्याचा हिशेब दडविला त्याने घराण्याची अब्रू राखली. यातून एखाद्याने काही निराळा बोध घेतला असता. भाऊसाहेबांनी मात्र आपली दूरदृष्टी सर्वांगांनी सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला आणि सल्ला देण्याचे कार्य वसाहतभर वाढविले.

अलीकडे कोणाच्याही जोत्याची आखणी सुरू झाली की फक्की पडण्यापूर्वी ते टेप घेऊन हजर असतात. परवा शेजारच्या मास्तरांनी त्यांना हात जोडून सांगितले, की आपला प्लॉट लहान, गाडी घेण्याची ऐपत नाही, आणि नकाशात गॅरेजच नाही. भाऊसाहेबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला, मान हलविली आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गॅरेज नसेना का, मास्तर, पाइप तरी टाकून ठेवा!"