राउंड फिगर

लातूरच्या माणसाला ‘थोडं रिकामं ठेवा’ असं सांगून बघा. 2016च्या एप्रिलात ज्या गावासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे रिकामं भांडं म्हणजे निव्वळ बेजबाबदारपणा. आमच्या सासुरवाडीत हौद, ड्रम, बादली, तांब्या, सगळं बारा महिने काठोकाठ. मग गाडीच्या टाकीनेच काय घोडं मारलंय? पंपावर नोझल ‘टक्’ करून थांबलं की मामा, म्हणजे आमचे सासरे, खिडकीतून हात काढून फर्मावतात, “राउंड फिगर कर रे!” पंपावरचा पोरगाही दोन-चार पिचकाऱ्या मारून आकडा गोल करतो.

टाकीत वरची ती रिकामी जागा गाडी बनवणाऱ्यांनी वाफेसाठी मुद्दाम सोडलेली असते, हे मामांना कोण सांगणार? मे महिन्यात मांजरा धरणातलं पाणी कुठे जातं, हे लातूरकराला शिकवावं लागत नाही. पेट्रोल तर त्याहून चपळ. त्याची वाफ हवेत गेली की उन्हात गाड्यांच्या धुराशी संगनमत करून ओझोन तयार करते, आणि तो छातीला बाधतो. म्हणून कॅलिफोर्नियाने 1970च्या मॉडेलपासूनच मोटारींना ही वाफ कोंडायला लावली. आपल्याकडे 2017च्या बीएस-4 नियमांनंतर दुचाक्यांनाही वाफ कोंडणारा डबा आला. डब्यात कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की पर्ज व्हॉल्व नावाची झडप उघडते आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. उडालेलंही कामाला लावायचं, ही काटकसर खरं तर मामांना पटायला हवी होती.

मामांची गाडी मात्र टाकी भरली की पंपावरच रुसू लागली. अर्ध्या टाकीवर लोहा, माळेगाव, अहमदपूर बिनतक्रार. फुल केली की स्टार्टर नुसता कण्हतो आणि डॅशबोर्डवर पिवळं इंजिन पेटतं. मागे उभे असलेले लोक लगेच तज्ज्ञ होतात. एक म्हणाला बॅटरी, दुसरा म्हणाला इथेनॉल. तिसऱ्याने नुसतंच “मॉडेलच तसंय” म्हणून गाडीसकट आमच्या खानदानाचा निकाल लावला.

शेवटी नांदेडात एका मिस्त्रीकडे गाडी नेली. स्कॅनरने कोड दाखवला, पी 0441 : पर्जचा प्रवाह चुकतोय. मामा खूश. “सापडलं की!” मिस्त्री म्हणाला, “काका, स्कॅनर गल्ली सांगतो, घर आपल्यालाच हुडकावं लागतंय.” मग त्याने स्वस्ताकडून महागाकडे मोर्चा वळवला. आधी टाकीचं झाकण आणि त्याचं रबर, मग पाइप. मोठ्या गॅरेजात यंत्राने धूर सोडून गळती शोधतात, असं तो सहज बोलून गेला. मामांनी तत्काळ खिशातून काडीपेटी काढली. “मग उदबत्ती लावू का?” मिस्त्रीने त्या वयातल्या माणसाचा हात इतक्या जोरात कधी धरला नसेल.

नंतर त्याने पर्ज व्हॉल्व सोडवला आणि तोंडाला लावून फुंकला. वीज नसताना तो बंद असायला हवा. इथे हवा आरपार. टाकी भरताना उठणारी सगळी वाफ सरळ इंजिनात जायची, आणि इंजिन गुदमरायचं. व्हॉल्व आपटल्यावर कोळशाची कणी बाहेर पडली. मिस्त्रीने डबा काढून हलवला. आत डुबुकडुबुक.

“वाफेच्या डब्यात पेट्रोल कसं आलं? काका, टक् झाल्यावरबी भरूलालाव काय?”

मामांचा चेहरा उजळला. “म्हणजे वाया नाही गेलं! तिथं साठलंय!”

डबा बदलला, व्हॉल्व बदलला. बिलाच्या आकड्यात कितीतरी राउंड फिगर मावले असते. मामांनी दोन बोटांनी गळा धरून ‘टक् म्हणजे टक्’ अशी शपथ घेतली.

लातूरला पोचल्यावर लगेच परीक्षा. नोझल टक् करून थांबलं. पोराने सवयीने विचारलं, “राउंड?” मामा करारीपणे म्हणाले, “नको!” मीटरवर 2,963. मामांनी पाचशेच्या सहा नोटा दिल्या आणि हात पसरून सदतीस रुपयांची वाट बघत उभे राहिले.

पोरगा म्हणाला, “सुट्टे नाहीत, काका.”

मामा माझ्याकडे वळले. “बघितलं का जावईबापू? रोग गाडीत नव्हताच!”