स्वस्तातलं कोची

कमी पैशांत फिरणाऱ्या माणसाला पैसे वाचल्याचा आनंद होतो, पण त्याहून मोठा आनंद आपण इतरांपेक्षा शहाणे ठरलो याचा होतो. मी याच पंथातला, त्यामुळे हे अधिकारवाणीने सांगू शकतो. आमचा सिद्धान्त असा, की गार टॅक्सीत बसून कोची पाहणाऱ्याला काच दिसते. खरं कोची दिसतं ते आम्हाला. पुरावा म्हणून आम्ही एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला जाणारी सरकारी बोट पुढे करतो. तिकीट दहा रुपयांच्या आत! जवळच्याच हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रोने गेलं तर याच्या काही पट पैसे पडतात. वर गारवा मिळतो, पण गारव्यात सत्य कसलं? आता हे तिकीट स्वस्त आहे यात आमचं कर्तृत्व शून्य. पलीकडच्या लोकांना रोज कामाला जाणं-येणं परवडावं म्हणून केरळ सरकार ते भाडं कमी ठेवतं. त्यांच्या सवलतीत आम्ही खिडकीची जागा पटकावतो आणि शहराच्या अंतरंगात शिरल्याचा चेहरा करतो.

या सिद्धान्ताचा खरा पराभव मात्र दोरीवर होतो. कपड्यांचे दोन जोड, एक अंगावर आणि एक दोरीवर, हा काटकसरी प्रवासाचा पाया. हा पाया देशावर घातला गेला असावा. मे महिन्यात सोलापुरात बनियन पिळून टाकलं, की चहा होईपर्यंत ते पापडासारखं कडक होतं. कोचीची हवा आधीच पाणी पिऊन बसलेली. ती आमच्या बनियनातलं आणखी कशाला पिईल? घाम उडाला तर अंग गार होतं, पाणी उडालं तर कपडा वाळतो, आणि दोन्हींना लागते कोरडी हवा. म्हणजे अंगावरचा जोड आतून ओला, दोरीवरचा सर्वांगाने ओला. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी ताणायची आणि पंखा पाचावर ठेवायचा. दार-खिडक्या बंद असल्या तर तो तीच वाफ खोलीभर फिरवत बसतो. जुलैत जीनची पँट घेऊन जाणाऱ्याविषयी तर बोलूच नये. शेवटी टॉवेल असा वास मारू लागतो की स्वाभिमान गुंडाळून एसी खोली घ्यावी लागते, कारण एसी हवेतलं पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकतो. ‘टॉवेलसाठी एसी घेतला’ असं म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून ‘दुसरी खोलीच नव्हती’ असं सांगायचं. स्थानिकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय: पातळ सुती मुंडू, गुडघ्यापर्यंत दुमडलेलं. खऱ्या कोचीचे शोधक आम्ही, पण फिरतो सहा खिशांच्या जाड पँटीत.

कुणी म्हणेल, स्वस्तात राहिल्याने जास्त दिवस राहता येतं आणि त्यानेच शहर कळतं. अर्धं मान्य. १५६८ सालचं मट्टांचेरीचं सिनेगॉग शनिवारी बंद असतं. घाईतला पाहुणा दारावरून परत फिरतो, आम्ही रविवारी पुन्हा जातो. पण उरलेले दिवस कुठे जातात? दहा रुपयांनी स्वस्त मील्स शोधण्यात. आणि शहराने आपलं खरं रूप दाखवलं, की आम्हालाच ते सोसत नाही. फोर्ट कोचीची ती चिनी जाळी घ्या. दोरांना दगड बांधून तोल साधलेला, तरी एक जाळं खाली-वर करायला चार-सहा माणसं लागतात. मासळी थोडी येते, म्हणून जाळीवाले पाहुण्याला दोर ओढायला बोलावतात आणि मग काही पैसे मागतात. टॅक्सीवाला पाहुणा नोट काढून मोकळा होतो. आम्ही मात्र उसासतो: सगळं व्यापारी झालं हो! फोटो फुकट हवेत, माणसंही निरागस हवीत, आणि त्यांचं पोट कसं भरतं हे मधे यायला नको. या उसाशाची मला मनापासून चीड येते.

कारण काटकसरीने कोचीत येणं ही काही आमची मिरासदारी नाही. बंगाल, आसाम, ओडिशातले मजूर जनरल डब्यातून येतात, कोचीजवळच्या पेरुंबावूरच्या प्लायवूड कारखान्यांत राबतात, एका खोलीत दाटीवाटीने राहतात. त्याला कुणी अनुभवसमृद्ध प्रवास म्हणत नाही. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून आलेले सारस्वतही हौसेने आले नव्हते. मट्टांचेरीत तिरुमल देवस्वम मंदिराच्या परिसरात त्यांची कोंकणी अजून कानावर पडते. ती ऐकून मराठी पाहुणा ‘आपली माणसं’ म्हणत गहिवरतो आणि लगेच विचारतो, काही कमी होईल का?

मग कमी पैशांत फिरूच नये का? जरूर फिरावं, त्याच बोटीने जावं. जाळीवाल्यासाठी नोट आधीच वेगळी काढून ठेवावी आणि ती हिशेबात ‘फसवणूक’ या सदराखाली मांडू नये. टॉवेल मात्र तीन न्यावेत. एसीपेक्षा ते स्वस्त पडतात, हा शोध आमच्या पंथाचा.