डावा पाय

आमच्या घरात अंगाला तेल रगडून घ्यायचा हक्क मोजक्यांनाच होता. तान्हं बाळ, बाळंतीण, नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर कुडकुडत बसलेली माणसं आणि बारा महिने आजी. बाकी कुणी पाठ दुखते म्हटलं की उत्तर ठरलेलं : ‘गादी सोड, सतरंजीवर झोप.’ धडधाकट माणसानं मालिश करून घेणं म्हणजे नवाबी थाट.

आजीच्या तळपायांची आग व्हायची. रात्रीची जेवणं आटोपली की ती फडताळातून काशाची वाटी काढायची, बोटभर तूप घ्यायची आणि मला हाक मारायची, “ये रे, दोन हात मार.” दोन हात म्हणजे अर्धा तास. पालथी वाटी टाचेपासून चवड्यापर्यंत गोल गोल फिरवायची. हळूहळू तूप काळं पडायचं आणि तळवा शिसपेन्सिलीनं गिरगटल्यासारखा दिसायला लागायचा. “बघ, किती उष्णता निघाली,” आजी समाधानानं म्हणायची. कासं म्हणजे तांबं आणि कथील, तो काळेपणा वाटीचा, उष्णतेचा नव्हे, हे मला शाळेत कळलं आणि मी लगोलग तिला ऐकवलं. ती म्हणाली, “झिजतेय ती वाटी ना? मग तू कशाला रडतोस?”

उजवा पाय संपेस्तोवर ती घोरायला लागायची. मग मी वाटी पुसून पसार. सकाळी विचारलं तर बेधडक सांगायचो, दोन्ही केले. आजी आपल्या स्वच्छ डाव्या तळव्याकडे पाहायची आणि काही बोलायची नाही.

हल्ली काशाच्या थाळीचं विजेवर फिरणारं यंत्र निघालंय. एका प्रदर्शनात त्यावर पाय ठेवून बसलो होतो. तिथला पोरगा काळं झालेलं तेल दाखवत म्हणाला, “सर, टॉक्सिन्स!” काळं तेच, फक्त नाव बदललं.

गेल्या वर्षी माझी मान धरली. डॉक्टरांनी तपासून, काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं, व्यायाम दिले. ते मी अर्थातच चार दिवस केले. मग मित्रानं एक मालिशवाले पाठवले. कोल्हापूरच्या तालमीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, कान मोडलेले, पिशवीत तिळाच्या तेलाची बाटली. त्यांनी खांद्यावर नुसता हात ठेवला आणि म्हणाले, “सायेब, खांदं खाली सोडा की. कानाला का लावून ठेवल्यात?” खांदे कानाला लागलेत, हे मला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांचा अंगठा पाठीच्या फऱ्याशी एका जागी थांबला. तिथं काही दुखतंय याचा मला पत्ताही नव्हता; अंगठ्याला होता.

एवढं बरं वाटल्यावर अपराधी वाटायला लागलं, म्हणून शास्त्राधार शोधायला बसलो. चरकसंहितेत तेल लावलेल्या शरीराला घडा, चामडं आणि गाडीच्या आसाची उपमा दिलेली सापडली. माझी जागा बैलगाडीच्या कण्यात आहे हे मान्य करायला थोडा वेळ गेला. अजीर्ण झालेल्यानं अभ्यंग करू नये, असं वाग्भट सांगतो. दिवाळीत आधी तेल आणि मग चकली, हा क्रम त्याला पसंत पडला असता. 1986 साली अमेरिकेत वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं अंग दहा दिवस, दिवसातून तीनदा पंधरा मिनिटं चोळलं आणि त्यांचे हातपाय हलवले, तर त्यांचं वजन इतर बाळांपेक्षा 47 टक्के जास्त वाढलं. आमच्याकडे बाळाला पायांवर पालथं घालून रगडणाऱ्या मावशींना हे कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी “मग?” एवढंच विचारलं असतं.

पण मला जिव्हाळ्याचा वाटला तो कॅनडातला 2012 सालचा प्रयोग. अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली आणि प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केलं. दोन्ही पायांच्या स्नायूंचे कण काढून तपासले. मालिशनं लॅक्टिक आम्ल निघून जातं, असं सगळे सांगतात. तसलं काही दिसलं नाही. दाहाच्या खुणा मात्र चोळलेल्या पायात कमी होत्या. उरलेल्या अकरा पायांबद्दल कुणाला काही वाटलं की नाही कोण जाणे. मला वाटलं.

कंबरदुखीला मालिशनं आराम पडतो, पण तो फार दिवस टिकत नाही, असंही वाचलं. हे आमच्या पैलवानांना आधीच माहीत असावं. निघताना ते “बरं वाटलं का?” विचारत नाहीत. “रविवारी सातला येतू,” म्हणतात.

परवा आजीची वाटी माळ्यावर सापडली. लेकीला म्हटलं, दोन हात मार. तिनं कानात इअरफोन घातले, तूप घेतलं आणि सुरुवात केली. ती घरघर ऐकता ऐकता केव्हा डोळा लागला, कळलं नाही. सकाळी उठून पाहतो तर उजवा तळवा काळा, डावा लख्ख.

लेकीला विचारलं. म्हणाली, “दोन्ही केले की.”

मी काही बोललो नाही.