हिला वारासुद्धा अंगी लागतो

(पौषातली सकाळ. मळ्यातला तबेला. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली मारवाडी घोडी. पाऊस आला तर पाणी साचेल अशी पन्हळ तिच्या पाठीवर पडलेली.)

बागाईतदार : डॉक्टर, थंडी वाढली. हिला काहीतरी जोरकस चारा सांगा. बिचारी खातच नाही काही.

डॉक्टर : मग आयाळीखाली ही चरबी कशाची?

बागाईतदार : ते तेज आहे! यात्रेत लोक वळून वळून बघत होते.

मोतद्दार : तंगाला दोन भोकं नवी पाडली, मालक.

बागाईतदार : तू गप रे. डॉक्टर, सकाळी लसूणघास, दुपारी मका, रात्री हरभरे. आणि आई गुळाचा खडा देते. थंडीची ऊब नको?

डॉक्टर : वाळलं गवत मोठ्या आतड्यात आंबतं, ऊब त्यानं येते. गूळ आजपासून बंद. खुरांना सूज धरली तर जन्माची लंगडेल. घासात साखर बेताची, पण ताकद फार. तो दुभत्या म्हशीला.

बागाईतदार : मग ओट पेरतो.

डॉक्टर : ओटात साखर बरीच असते.

बागाईतदार : हिरवी ज्वारी?

डॉक्टर : घोड्याचं मूत्राशय बिघडतं. अहो, डोंगराचं गवत आणा. बी झडल्यावर कापलेलं, काडी जास्त, पाला कमी. बुरशी नको. आणि कुसळी गवत नको, तोंडात रुततं.

बागाईतदार : ते छपराचं गवत? माझ्या दारात? पाहुणे म्हणतील, याची ऐपत गेली.

डॉक्टर : पाहुण्यांना घास घाला.

बागाईतदार : निदान गव्हाचा भुसा? तो विकत तरी मिळतो.

डॉक्टर : गवतात थोडा मिसळा. नुसत्या भुशावर ठेवलीत तर आतड्यात गच्च बसेल. थंडीत घोडं पाणीही कमी पितं. मग रात्री दोनला मला फोन.

बागाईतदार : बरं, गवत. दोन मुठी पुरे ना? एकदाची वाळेल तरी.

डॉक्टर : उपाशी नाही मारायची! घोडं खावो न खावो, पोटात आम्ल सुटतंच. रिकाम्या पोटी व्रण होतात. चारशे किलोच्या अंगाला दिवसाला 7 किलो. बारीक भोकांच्या जाळीत, तीन-चार वेळा. बदल हळूहळू करा, दहा-पंधरा दिवसांत. गवत आधी तासभर पाण्यात बुडवा, साखर उतरते. पाणी ओतून द्या. वर क्षारमिश्रण.

बागाईतदार : साखर उतरलेलं पाणी ओतून द्यायचं? डॉक्टर, आमचं घर तीन पिढ्या कारखान्याचं सभासद आहे!

डॉक्टर : ते घोडीकडे बघून कळलंच. आणि रोज फिरवा. सध्या ती फक्त फोटोला उभी राहते.

मोतद्दार : साहेब, मग तो घास... म्हणजे, म्हशीला किती लागणार? माझ्याकडे दोन शेळ्या आहेत.

बागाईतदार : तुझ्याकडे शेळ्या कधी आल्या?

मोतद्दार : घोडी आली त्याच महिन्यात, मालक. चांगल्या धष्टपुष्ट आहेत.

बागाईतदार : घोडीचा घास तुझ्या शेळ्या खातात?

मोतद्दार : निम्माच, मालक.

डॉक्टर : ओरडू नका त्याला. हिनं सगळा खाल्ला असता तर ही आज उभी नसती.