कृपया योग्य आकडा टाका

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी मनाशी एक गोष्ट पक्की करावी: समोरचा माणूस चुकीचेच उत्तर देणार आहे. पुस्तकात ह्या माणसाला 'वापरकर्ता' म्हणतात. त्याने दिलेले उत्तर पाखडून, निवडून मगच आत घ्यायचे, ह्या क्रियेचे नाव इनपुट व्हॅलिडेशन. तांदूळ निवडण्यासारखेच हे काम आहे. फरक एवढाच की खडा कशाला म्हणायचे, ते तांदूळ बघण्याआधीच ठरलेले असते.

प्रस्तुत मार्गदर्शन कर्जत व खालापूर तालुक्यांतील नवशिक्यांसाठी आहे. साहित्य: एक संगणक, त्यात पायथॉन, अकरावीतला एक विद्यार्थी आणि एक आजोबा. आजोबा मिळवण्यासाठी खटपट करू नये, ते आपोआप येतात. आमच्या क्लासात विद्यार्थ्याचेच आले. पाऊस फार होता, नातवाला खोपोली लोकलने डोळवलीला घेऊन जायचे होते, म्हणून छत्री कोपऱ्यात उभी करून ते आधी बाकावर आणि मग, माझ्याच दुर्बुद्धीने, संगणकासमोर बसले. परीक्षणासाठी खरा वापरकर्ता हवा असे मी तासाभरापूर्वीच शिकवले होते.

सरावासाठी उदाहरण घ्यावे 'गुंठ्याचा भाव'. गाव, जिल्हा, वय, जमिनीचे क्षेत्र आणि एकूण किंमत विचारायची, किमतीला क्षेत्राने भागायचे, उत्तर छापायचे. शनिवारी सकाळी फार्महाऊससाठी जागा बघायला येणाऱ्या गाड्यांची कर्जतच्या चारफाट्यावरची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला ह्याची उपयुक्तता समजावून सांगावी लागत नाही.

गावाच्या नावात फक्त अक्षरे असावीत, आकडे नसावेत, अशी अट घालावी. पायथॉनमध्ये त्यासाठी 'इझअल्फा' नावाची तयार सोय आहे. नातवाने ती वापरली होती. आजोबांनी सांगितले, 'डोळवली'. नातवाने टंकले. उत्तर आले: 'नावात फक्त अक्षरे वापरा.' मग 'कर्जत' घालून पाहिले. तेही नापास. खालापूर, नेरळ, चौक, खोपोली, सगळी नापास. शेवटी वैतागून त्याने मामाचे गाव टाकले, 'उरण', आणि ते पहिल्या फटक्यात पास झाले.

ह्यात उरणकरांची काही करामत नाही. युनिकोडच्या हिशेबात क, र, ज, त ही अक्षरे आहेत; पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडणारे हलन्त चिन्ह ही अक्षरे नाहीत, नुसत्या 'खुणा' आहेत. आणि 'इझअल्फा'ला एकही खूण चालत नाही. उरण ह्या नावात काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही, म्हणून ते सुटले. कर्जत एका रफारापायी अडकले. तालुक्याच्या ठिकाणाचे नाव अक्षरांनी बनलेले नाही, असा निकाल मिळाल्यावर नवशिक्याने खचून न जाता ती अट गुपचूप काढून टाकावी.

गाव बरोबर लिहिले म्हणजे पत्ता बरोबर झाला, असेही समजू नये. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. माझे एक पार्सल मी इकडे दहिवलीत वाट बघत असताना तिकडे आठ दिवस राहून आले. आपला पिन कोड ४१०२०१, त्यांचा ४१४४०२. सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावे आणि नाना लिप्यांतले पत्ते ह्यांतून वाट काढायलाच तो आणला गेला. नवशिक्याचा प्रोग्रॅम मात्र पिनमध्ये सहा आकडे आहेत आणि पहिला शून्य नाही एवढेच बघतो. दोन्ही पिन त्याला सारखेच पसंत. पार्सल कुठेही गेले तरी त्याची ना नाही.

जिल्हा विचारताना टंकायला न लावता यादीतून निवडायला सांगावे, म्हणजे चुकीला जागा राहत नाही. आजोबांनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली आणि म्हणाले, "कुलाबा कुठंय?"

"आजोबा, कुलाबा मुंबईत," नातू म्हणाला.

"माझ्या जन्माच्या वेळी इथंच होता."

तो होताच. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. त्याआधीची कागदपत्रे अजून ट्रंकांमध्ये आहेत आणि त्यांवर कुलाबाच आहे. यादीत कुलाबा नव्हता. आजोबांनी रायगड निवडला, पण पाहुण्याच्या ताटात जेवायला बसावे तशा चेहऱ्याने.

वयाला सीमा घालाव्यात: शून्याच्या वर, एकशे वीसच्या आत. वय विचारताच आजोबांनी उलट विचारले, "आधारवरचं की खरं?" हा प्रश्न पुस्तकात नाही. आपल्याकडे एका पिढीचा जन्म १ जूनला झालेला आहे, कारण शाळेत नाव घालायला नेले तेव्हा गुरुजींनी तीच तारीख लिहिली. डोळवलीतल्या एकाच आळीत सात जणांचा वाढदिवस एका दिवशी येतो, केक मात्र कोणी कापत नाही. असल्या तारखा संशयास्पद म्हणून गाळायला गेलात तर निम्मा गाव गळेल. आजोबा म्हणाले, "लिही अडुसष्ट." नातवाचा मराठी कीबोर्ड चालूच होता, त्याने '६८' टाकले. पुन्हा नापास. त्याने प्रत्येक आकडा इंग्रजी शून्य ते नऊ ह्यांत बसतो का, हे स्वतःच्या अकलेने तपासले होते. ती अक्कल न वापरता थेट पायथॉनच्या 'इंट'कडे दिले असते, तर त्याने '६८' निमूट घेतले असते. परदेशी भाषेला मराठी आकडे कळतात. डोळवलीच्या पोराने लिहिलेल्या तपासणीला कळत नाहीत.

चूक दाखवणारा संदेश विचारपूर्वक लिहावा. नातवाने इंग्रजीचे शब्दशः मराठी करून 'अवैध नोंद' असे लिहिले होते, लाल रंगात. आता, आपल्याकडे पेपरात अवैध हा शब्द येतो तो वाळू उपशापुढे, दारूपुढे, नाही तर बांधकामापुढे. आजोबा खुर्चीत सरळ झाले.

"अवैध? कुणाची नोंद अवैध?"

"तुमची नाही हो, वयाची."

"तलाठ्याकडं जाणार का हे?"

जाणार नाही, हे सांगण्यात दहा मिनिटे गेली. त्यांचा विश्वास बसला असे मला अजून वाटत नाही. मग आम्ही तिथल्या तिथे संदेश बदलून 'कृपया योग्य आकडा टाका' असा केला. 'कृपया' घातले की माणूस घाबरत नाही, असा आमचा समज होता.

क्षेत्राच्या रकान्यात शून्य येऊ देऊ नये. सप्टेंबर १९९७ मध्ये यॉर्कटाउन ह्या अमेरिकन युद्धनौकेवर एका रकान्यात शून्य भरला गेला, संगणकाने त्या शून्याने भागायला घेतले आणि नौका काही तास समुद्रात ठप्प उभी राहिली. आजोबांच्या बाबतीत ही भीती नव्हती. ज्याच्या नावावर शून्य गुंठे, तो आमच्याकडे एजंट होतो.

"जमीन किती, आजोबा?"

"सातबाऱ्यावर की ताब्यात?"

"सातबाऱ्यावर."

"पोटखराबा धरून की सोडून?"

नातवाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. आजोबांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला उतारा काढला आणि बोट ठेवले: ०.२०.५०. म्हणजे शून्य हेक्टर, वीस आर, पन्नास चौरस मीटर. उभ्या महाराष्ट्राला वाचता येणारा हा आकडा पायथॉनला वाचता येत नाही. एका संख्येत दोन टिंबे त्याने कधी पाहिलेली नसतात. नवशिके अशा वेळी टिंबे काढून टाकतात. नातवानेही काढली. उरले ०२०५०, आधीचा शून्य आपोआप गळाला, आणि पडद्यावर आले: दोन हजार पन्नास गुंठे. चाळिसाने भागले की सव्वाएक्कावन्न एकर. अर्ध्या एकराच्या धन्याला एका एंटरमध्ये एवढे मिळाले, आणि ह्या खेपेला तपासणीने हूं की चूं केले नाही.

आजोबांनी चष्मा वर सरकवून आकडा पुन्हा वाचला.

"ह्याची प्रत मिळेल का?"

राहिली किंमत. हा रकाना अनिवार्य ठेवावा, कारण त्याशिवाय भागाकार होत नाही. वापरकर्ता योग्य आकडा देईपर्यंत त्याला सोडू नये. त्यासाठी न संपणारे 'व्हाइल ट्रू' लावावे, आत 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट'. एक्सेप्टपुढे कोणती चूक पकडायची ते लिहायचे असते. नातवाने काहीच लिहिले नव्हते, म्हणजे सगळ्याच पकडायच्या. पडद्यावर प्रश्न आला: एकूण किंमत?

"विकायची नाहीये," आजोबा म्हणाले.

नातवाने ते जसेच्या तसे टंकले. कृपया योग्य आकडा टाका.

"अरे, नाही विकायची म्हणतोय ना."

कृपया योग्य आकडा टाका.

"आजोबा, काहीतरी टाका, नुसतं शिकायला आहे," मी म्हणालो.

"तो दर रविवारी येतो ना गाडी घेऊन, तोही असंच म्हणतो. काहीतरी आकडा बोला, काका. आकडा बोललं की झालं."

बारा लाख टाकून पाहू, असे नातवाने सुचवले आणि आजोबांच्या नजरेला नजर भिडताच मागे घेतले. मी कंट्रोल-सी दाबले. एरवी त्याने प्रोग्रॅम थांबतो. पण मोकळा एक्सेप्ट तेही चूक समजून पकडतो आणि पुन्हा विचारतो. मी पुन्हा दाबले. त्याने पुन्हा विचारले, तितक्याच नम्रपणे. मी खिडकी बंद करायला माउस शोधत होतो, तेवढ्यात आजोबा खाली वाकले आणि त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद केले.

पडदा काळा झाला. त्यांनी उतारा पिशवीत घातला, पिशवी खिशात, छत्री हातात.

"चल रे. गाडी चुकली तर डोळवलीपर्यंत चालत जावं लागंल."